नाशिकहून सर्फर व्हायचं असेल तर: बोर्डाआधी दिवस मोजा

आमच्या घरातलं कालनिर्णय निळ्या टिपक्यांनी भरलेलं असतं. ज्या दिवशी लेक समुद्रात उतरली, तो चौकोन निळा. पहिल्या वर्षी बारा महिन्यांत मिळून १९ टिपके झाले होते आणि मला ते फार वाटले होते. कर्नाटकातल्या मुल्कीला तिच्याबरोबर शिकणाऱ्या एका कोळ्याच्या पोरीला आम्ही हा आकडा कौतुकाने सांगितला. ती म्हणाली, "मतलब मेरा एक महीना."

सर्फिंगमध्ये नाशिकच्या मुलांची खरी अडचण त्या एका वाक्यात आहे. घरापासून समुद्र लांब, म्हणून पाण्यातले दिवस कमी. बाकी सगळं, म्हणजे बोर्ड, कोच, स्पर्धा, प्रायोजक, त्यानंतरचं. लेक १२ वर्षांची असताना सुरुवात केली, आता ती १७ ची आहे. राष्ट्रीय स्पर्धेत उतरते, अजून जिंकलेली नाही. या पाच वर्षांत आम्ही ज्या चुकांवर पैसे घालवले, त्या तुम्हाला टाळता याव्यात म्हणून हे लिहिते आहे. "नाशिकला कुठली लाट?" असं हसणारे भेटतील. त्यांना दत्तू भोकनळ सांगा. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा मुलगा रोइंगमध्ये २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला गेला. दुष्काळी गावातून वल्हं मारत तिथवर जाता येतं, तर गंगापूर धरणाचं पाणी पिणाऱ्यांनी एवढं खचायचं कारण नाही.

१. आधी पोहणं

हे वगळून पुढे जाऊ नका. सर्फ स्कूलवाले पोहता न येणाऱ्यालाही कमरेइतक्या पाण्यात बोर्डावर उभं करतात, फोटो छान येतो. पण करिअरचा विचार असेल तर ४०० मीटर न थांबता पोहता आलं पाहिजे आणि पाय न टेकता निदान पाच मिनिटं तरंगता आलं पाहिजे. हा माझा घरगुती निकष. आमच्या लेकीने तो त्र्यंबक रोडच्या सावरकर तरणतलावात पुरा केला, पहाटेच्या बॅचला, डोळे चोळत.

तलावातला पोहणारा समुद्रात गेला की पहिल्या दिवशी गांगरतो. तळ दिसत नाही, नाकातोंडात खारं पाणी जातं आणि लाट श्वास घ्यायच्या क्षणीच येते. शिवाय समुद्राला ओढ असते. किनाऱ्यावर आलेलं पाणी एखाद्या पट्ट्यातून जोरात परत आत जातं. तो पट्टा वरून शांत दिसतो, लाटा तिथे कमी फुटतात, म्हणून नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे पोहण्याची झटापट करू नका. किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडा, मग वळा. मुलाकडून हे पाठ करून घ्या, पाढ्यांसारखं.

एक सक्त ताकीद. इंटरनेटवर श्वास रोखण्याचे व्यायाम पाहून मुलं तलावात एकटीच बुडी मारून बसतात. भराभर श्वास घेऊन मग बुडी मारली तर पाण्याखाली, काही कळायच्या आत शुद्ध जाऊ शकते. एकट्याने कधीही नाही. आणि सराव म्हणून धरणाच्या फुगवट्यात तर मुळीच नाही.

२. पहिले दहा दिवस कुठे

सर्फिंग म्हटलं की आपल्याला गोवा सुचतो, नाहीतर तारकर्ली. सुट्टीला उत्तम आहेत. शिकायला मात्र आम्ही कर्नाटकचा किनारा निवडला. मंगळुरूच्या उत्तरेला मुल्की आहे. तिथल्या मंत्रा सर्फ क्लबपासून भारतातलं संघटित सर्फिंग सुरू झालं, २००४ च्या सुमारास. उडुपीजवळच्या कोडी बेंग्रेला शाका सर्फ क्लब आहे. तो इशिता मालवीय हिने उभा केला. इशिता मुंबईची. मणिपालला शिकायला गेली आणि २००७ मध्ये सर्फिंगला लागली. देशातली पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून तिचं नाव घेतात. लेकीला हे सांगितल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे तिच्याही घरून सर्फिंगच्या लाटा लांबच होत्या?"

नाशिककरांना इथे एक गोष्ट सोयीची आहे. मंगला एक्सप्रेस नाशिकरोडवरून कोकण रेल्वेने थेट उडुपी-मंगळुरूला जाते. साधारण २० तास लागतात आणि गाडीची वेळ आडनिडी आहे, पण बदली नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, ते बघून तिकीट काढा.

दहा दिवस सलग राहा. दोन-दोन दिवसांच्या पाच फेऱ्या म्हणजे दहा दिवस होत नाहीत. पहिले दोन दिवस तर नुसते खांदे दुखण्यात जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फुटलेल्या लाटेच्या फेसात उभं राहता येतं आणि न फुटलेल्या हिरव्या लाटेवर पहिल्यांदा जाता येतं ते आठव्या-नवव्या दिवशी. ती लाट मिळाली की पोर परत जायचा हट्ट धरते का, हे बघायचं. नसेल धरत, तर दहा दिवसांची छान सहल झाली म्हणा आणि थांबा. हे मी गंभीरपणे सांगते आहे.

सापळा: कोवळम नावाची दोन गावं आहेत, एक केरळात तिरुवनंतपुरमजवळ आणि एक तमिळनाडूत चेन्नईच्या दक्षिणेला. दोन्हीकडे सर्फिंग चालतं. आम्ही शिबिराचे पैसे भरले चेन्नईजवळच्या कोवळमसाठी आणि तिकिटं काढली तिरुवनंतपुरमची. कोण हुशारीने काढली, ते आमच्या घरात अजून ठरलेलं नाही.

३. लाट वाचायला शिका

आपण नाशिककर गोदावरीचं पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो. गुडघ्याला आलं, छातीला आलं, बुडाला मारुती. उंची कळली की विषय संपला. समुद्रात नुसत्या उंचीने फसायला होतं. तिथे दुसरा आकडा बघायचा असतो: एक लाट आणि तिच्यामागची लाट यांत किती सेकंदांचं अंतर आहे.

एक मीटर उंची आणि सहा सेकंद, म्हणजे जवळच्याच वाऱ्याने उठवलेलं खवळलेलं पाणी. पॅडल मारून, म्हणजे बोर्डावर पालथं पडून हातांनी पाणी मागे लोटून, हात भरून येतील आणि हाती काही लागणार नाही. तीच एक मीटर उंची आणि १२-१४ सेकंद असतील, तर ती लाट दक्षिण हिंदी महासागरातल्या एखाद्या वादळातून निघून हजारो किलोमीटर चालत आलेली असते. तिच्यात ताकद असते, तिला आकार असतो आणि दोन लाटांमध्ये आत जायला वेळही मिळतो. मग वारा. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि लाटेचं तोंड गुळगुळीत ठेवतो. दहा-अकरानंतर तो उलटा फिरतो आणि सगळं विस्कटतं. म्हणून सर्फर पहाटे उठतात. त्यात अध्यात्म काही नाही.

भरती-ओहोटीसाठी माझ्या रत्नागिरीच्या आजोबांचा हिशेब अजून कामाला येतो. तिथीची पाऊणपट करा, भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. हा हिशेब मुंबई-कोकणाचा. कर्नाटकात वेळ सरकते, तमिळनाडूत तर तो विसरायचाच. तिथे छापील तक्ता किंवा अॅप बघा. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था समुद्राचा अंदाज आणि उंच लाटांचे इशारे देते. तिचा इशारा असेल त्या दिवशी नवख्याने किनाऱ्यावर बसून चहा प्यावा.

हंगामाचं गणित असं. पश्चिम किनारा ऑक्टोबर ते मे शिकण्याजोगा असतो. जून ते सप्टेंबर तिथे मोसमी पाऊस समुद्र ढवळून काढतो, तेव्हा आपल्या मुलांना तिकडे पाठवायचं नाही. त्याच महिन्यांत पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे महाबलीपुरम आणि चेन्नईजवळचं कोवळम इथे, लाटा चांगल्या मिळतात. आमचं वर्ष असं बसतं: दिवाळीची सुट्टी मुल्की, नाताळात चार-पाच दिवस, एप्रिल-मे पूर्ण कर्नाटक, ऑगस्टमध्ये १५ तारखेला जोडून महाबलीपुरम. गेल्या वर्षी ९४ टिपके झाले.

४. सामान

पहिलं वर्ष काहीही विकत घेऊ नका. आम्ही घेतलं. ओळखीतून ओळखीने एकाकडून पाच फूट दहा इंचाचा चकचकीत शॉर्टबोर्ड स्वस्तात मिळाला आणि दोन वर्षं तो माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलाशेजारी पडून होता. एवढा छोटा, पातळ बोर्ड नवशिक्याला तोलतच नाही. शिकायला मऊ फोमचा आठ-नऊ फुटी बोर्ड लागतो आणि तो प्रत्येक सर्फ स्कूलमध्ये भाड्याने मिळतो.

बोर्ड घ्यायची वेळ येईल तेव्हा लांबीबरोबर लिटर बघा, म्हणजे बोर्डाचं घनफळ. वजन आणि कौशल्य यांच्या हिशेबाने किती लिटर घ्यायचे, हे कोचला विचारा, दुकानदाराला नको. सोबत लागतं ते एवढंच: पायाला बांधायची लीश (जास्तीची एक), फिन (बोर्डाखालचे पंख) आणि त्यांची किल्ली, गरम पाण्याचं वॅक्स (पाय घसरू नये म्हणून बोर्डावर चोळायचं मेण), पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (अंगाला घट्ट बसणारा पाण्यातला टी-शर्ट), झिंकचं सनस्क्रीन, भेग बुजवायचा रेझिनचा संच. वॅक्स घेताना तापमान वाचा. थंड पाण्याचं वॅक्स आपल्याकडे लोण्यासारखं वितळतं.

बोर्ड प्रवासात नेणं ही वेगळीच शोकांतिका. स्लीपरच्या बाकाखाली तो मावत नाही. एकदा रात्रीच्या खासगी बसच्या डिकीत टाकला, वर कोणीतरी कांद्याची पोती रचली. सकाळी फिन निखळलेली. आता आम्ही बोर्ड मुल्कीलाच ठेवतो, महिन्याचं थोडं भाडं देऊन. फक्त फिन आणि लीश ये-जा करतात. नाशिकमध्ये बोर्ड घरात दिसत नाही याचं लेकीला वाईट वाटतं, पण त्याचं इथे कामही नाही.

५. समुद्र नसलेले महिने

खरी तयारी या दिवसांत होते. सर्फर पाण्यात उभा असतो फार थोडा वेळ. बहुतेक वेळ तो पोटावर झोपून पॅडल मारत असतो. त्यामुळे आठवड्यातून चार दिवस पोहणं, खांदे आणि पाठीचा व्यायाम, आणि रबरी पट्ट्यांनी खांद्याच्या आतल्या स्नायूंची कसरत, कारण दुखापत तिथेच होते. पांडवलेणीच्या पायऱ्या पायांसाठी. जमिनीवरून एका झटक्यात उभं राहायचा सराव रोज ३० वेळा. घरात चटईवर धप्प-धप्प आवाज येतो, खालच्या मजल्यावरच्या काकूंना आधी सांगून ठेवा. वळणं गिरवायला सर्फस्केट, म्हणजे पुढची चाकं मोकळी वळणारा स्केटबोर्ड. रविवारी पहाटे रिकाम्या पार्किंगमध्ये, हेल्मेट घालून.

जिममध्ये कोणी पावडर किंवा "आयुर्वेदिक" शक्तिवर्धक देऊ केलं तर घेऊ नका. साध्या खोकल्याच्या औषधातही बंदी असलेला घटक असू शकतो. नाडा या उत्तेजकविरोधी सरकारी संस्थेच्या "नो युवर मेडिसिन" अॅपवर औषधाचं नाव तपासता येतं.

६. स्पर्धा

देशात सर्फिंगचं काम सर्फिंग फेडरेशन ऑफ इंडिया बघते. २०११ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आंतरराष्ट्रीय सर्फिंग असोसिएशनशी संलग्न आहे. वर्षभरात तिच्या राष्ट्रीय मालिकेच्या स्पर्धा होतात. मंगळुरूची इंडियन ओपन साधारण मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला असते, म्हणजे महाराष्ट्रातल्या शाळा उघडायच्या आत. मुलांसाठी १६ वर्षांखालील गट असतो, त्याला ग्रॉम्स म्हणतात. त्यावर खुला गट. पहिल्या वर्षी फक्त बघायला जा. दुसऱ्या वर्षी उतरा.

कागदपत्रांची फाइल आधीच करून ठेवा:

- जन्मदाखला, त्यावर मुलाचं नाव असलेला (कित्येकांच्या दाखल्यावर नावाची जागा कोरीच असते. ती महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागातून भरून घ्या)
- आधार कार्ड आणि शाळेचा बोनाफाइड
- पासपोर्ट (१८ खालच्यांचा पाच वर्षांचा किंवा १८ पूर्ण होईपर्यंतचा, जे आधी येईल ते; १५ पूर्ण असतील तर दहा वर्षांचाही मागता येतो)
- डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला, रक्तगट आणि अॅलर्जी लिहिलेला
- पालकांचं संमतिपत्र
- पासपोर्ट आकाराचे फोटो, लागतील त्याच्या दुप्पट

नाव सगळीकडे एकसारखं हवं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं. एका कागदावर ते असतं, दुसऱ्यावर नसतं, तिसऱ्यावर आडनाव आधी येतं. याच एका कारणाने आमची एक नोंदणी शेवटच्या दिवसापर्यंत लटकली होती.

आता गुण, कारण ते न समजल्यामुळे लेक पहिली फेरी हरली. फेरी साधारण २० ते ३० मिनिटांची. प्रत्येक लाटेला पंच शून्य ते दहा गुण देतात. पाच पंच असतील तर सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण बाजूला काढून उरलेल्या तिघांची सरासरी घेतात. अशा सगळ्या लाटांपैकी सर्वोत्तम दोनच धरतात, एकूण २० पैकी. लेकीने त्या फेरीत नऊ लाटा घेतल्या आणि मी किनाऱ्यावर टाळ्या वाजवत होते. जिंकलेल्या मुलीने तीनच घेतल्या. ती बसून राहिली, चांगल्या लाटेची वाट बघत, आणि त्या तीनवर तिने जोरकस वळणं घेतली. नऊ साध्या लाटांची बेरीज कोणी करत नाही.

दुसरा नियम हक्काचा. लाट जिथे फुटायला लागते त्याच्या सर्वांत जवळ जो असतो, लाट त्याची. त्याच्यापुढे घुसलात तर सरावात शिव्या बसतात आणि स्पर्धेत मोजल्या जाणाऱ्या दोन लाटांपैकी एकीचे गुण कापले जातात. सरावाच्या ठिकाणी पाहुण्याने जरा मागेच थांबावं. कोळ्यांची जाळी पाण्यात असतील तर विचारल्याशिवाय उतरू नये. त्यांची रोजी आधी.

सापळा: "राष्ट्रीय" हा शब्द कोणीही बॅनरवर छापू शकतो. एका संस्थेने आम्हाला तिच्या स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर दहावीचे वाढीव गुण आणि नोकरीत पाच टक्के आरक्षण "गॅरंटीड" असं सांगून पैसे घेतले. कागद आला, उपयोग शून्य. खेळ आणि स्पर्धा शासनाच्या नियमात बसते का, हे आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. चकरा होतील. तरी विचारा.

७. शाळा

मुख्याध्यापकांना हंगाम सुरू होण्याआधी भेटा, तारखांचा कागद घेऊन. हजेरी बुडाल्यावर भेटलात तर ती माफी मागणं होतं. अगदीच जमत नसेल तर एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून दहावी-बारावी करता येते. पदवीसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्याच गंगापूर धरणाजवळ गोवर्धनला आहे. आमची लेक बारावीपर्यंत नेहमीच्या कॉलेजात राहणार, हा मी धरलेला हट्ट. त्यावर भांडणं झाली, पुढेही होतील.

मुलगी असेल तर आणखी एक विषय. काळी पडली पोर, लग्नात अडचण येईल, असं आमच्याकडे तीन जणींनी तोंडावर सांगितलं. मी सनस्क्रीनची बाटली दाखवून विषय बदलते. त्वचा जळू नये म्हणून ती हवीच.

८. पैसे

सरळ सांगते. भारतात केवळ स्पर्धांवर घर चालवणारे सर्फर अगदी थोडे. बहुतेक जण शिकवतात, बोर्ड दुरुस्त करतात, सर्फ स्कूल चालवतात. त्यामुळे प्रशिक्षकाचा आंतरराष्ट्रीय असोसिएशनचा पहिल्या पातळीचा अभ्यासक्रम आणि जीवरक्षकाचं प्रमाणपत्र हे करिअरचाच भाग समजा.

आमचा मोठा खर्च प्रवास आणि राहण्याचा. दीड तासाच्या धड्याला हजार ते दोन हजार रुपये जातात, पण जास्त दिवस राहिलात आणि थोडं काम केलंत तर शिकवणी स्वस्त पडते. लेक मे महिन्यात लहान मुलांच्या बॅचला बोर्ड धरून उभी राहते आणि त्या बदल्यात कोच तिच्या फेऱ्यांचं चित्रीकरण करून चुका दाखवतो.

प्रायोजक आधी कपडे आणि वॅक्स देतात, रोख फार उशिरा. मोफत टी-शर्टच्या बदल्यात दोन वर्षांसाठी मुलीच्या सगळ्या फोटोंचे हक्क मागणारा करार आमच्याकडे आला होता. १८ च्या आत मूल स्वतः करार करू शकत नाही, सही पालकाची. तेव्हा ओळखीच्या वकिलाला एक चहा पाजून वाचून घ्या. बक्षिसाचे पैसे मुलाच्या नावाच्या खात्यात जाऊ द्या, पॅन काढून ठेवा. अंगच्या कौशल्यावर मिळवलेलं अल्पवयीनाचं उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिसळत नाही. सीएला हे सांगा.

९. देशाबाहेर

वर्ल्ड सर्फ लीग ही जगभरच्या व्यावसायिक स्पर्धा घेणारी संस्था. तिची उतरंड तीन पायऱ्यांची आहे. आधी आपल्या प्रदेशातल्या क्वालिफाइंग सिरीजच्या स्पर्धा, तिथून चॅलेंजर सिरीज, मग चॅम्पियनशिप टूर. २०२३ मध्ये महाबलीपुरमला क्वालिफाइंग सिरीजची स्पर्धा झाली तेव्हा आम्ही वाळूत बसून बघितली. बाहेरचे सर्फर लाटेवर कुठे वळतात, हे लेकीने वहीत चित्रं काढून उतरवलं. २०२५ ची आशियाई अजिंक्यपद स्पर्धाही तिथेच झाली. त्यात रमेश बुडिहाळने कांस्य मिळवलं, वैयक्तिक पदक मिळवणारा पहिला भारतीय. २०२६ च्या आयची-नागोया आशियाई खेळांत सर्फिंग पहिल्यांदाच आलं आहे आणि ऑलिंपिकमध्ये तर ते टोकियोपासून आहे.

हे वाचून घाई सुटते. घाई सुटली की मी लेकीला केटलिन सिमर्सची गोष्ट सांगते. या अमेरिकन मुलीने २०२१ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास, चॅम्पियनशिप टूरची पात्रता मिळवली आणि अजून तयार नाही म्हणून ती जागा सोडली. पुढच्या संधीला गेली आणि २०२४ मध्ये, १८ व्या वर्षी, जगज्जेती झाली.

पहिल्या परदेशवारीसाठी श्रीलंका सोपी. दक्षिणेला वेलिगामा हिवाळ्यात, पूर्वेला अरुगम बे आपल्या पावसाळ्यात. स्पर्धा नाही, नुसते सराव. प्रवासविमा काढताना सर्फिंग त्यात धरलेलं आहे का, हे बारीक अक्षरात वाचा. पुष्कळ पॉलिसी "साहसी खेळ" वगळतात.

आमचं जुलैतलं तिकीट काढून झालं आहे, १२ दिवसांचं. कालनिर्णयावर ते चौकोन लेकीने आत्ताच पेन्सिलने गोल करून ठेवलेत. पेनने भरायचे ते पाण्यातून बाहेर आल्यावर.